रश्श्यात न येणारा खेकडा

खेकडा दिसला की आमच्या आत्याचा पहिला प्रश्न, "भरलेला आहे का?" बाजारात चिंबोरी उलटी धरून, पोटाकडून अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय ती भाव करत नाही. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हा तिचा हिशेब ठरलेला. आंजर्ल्याच्या पुळणीवर पळणारा भुरकट खेकडा तिला दाखवला, तर म्हणाली, "ह्यात काय आहे? नुसतं कवच!" विषय संपला.

रश्श्यातून असा सुटलेला हा प्राणी निवांत बघावा असा आहे. पाठ चौकोनी, वाढून वाढून सात-आठ सेंटिमीटर. रंग वाळूचाच, त्यामुळे थांबला की गायब. इंग्रजीत त्याला भुताचा खेकडा म्हणतात ते उगाच नाही. एक नांगी मोठी, एक लहान. पण खरी गंमत डोळ्यांत. दोन दांड्यांवर उभे डोळे, आणि मोठ्या खेकड्यात त्या दांड्या डोळ्यांच्याही वर शिंगासारख्या निघालेल्या. पिल्लांना ही शिंगं नसतात, वयाबरोबर येतात. वाळूचा कण गेला, की डोळा आडवा करून कवचाच्या खाचेत ठेवून द्यायचा आणि पुन्हा उभा करायचा. चहूबाजूंचं दिसत असल्यामुळे मागून गाठायची सोय नाही. पळतो तर सेकंदाला दोन मीटरच्या आसपास, तेही आडवं!

बीळ उकरताना मात्र तो भलताच सावध असतो. एका बाजूच्या पायांनी ओल्या वाळूची मोळी कवटाळून आडवाच वर येतो, दोन पावलं चालतो, वाळू झटक्यात भिरकावतो आणि लगेच दाराशी. आपण हललो तर आत. दगडासारखं बसून राहिलो तर आधी एक डोळा वर येतो.

समुद्राशी त्याचं नातं जरा विचित्र आहे. श्वास कल्ल्यांनीच घेतो, पण हवेतला, आणि जास्त वेळ पाण्यात बुडवून ठेवला तर मरतो. कल्ले ओले ठेवायला पायांच्या बुडाशी केसांचे झुबके असतात, ते ओल्या वाळूतून पाणी शोषतात. म्हणून बीळ ओल लागेपर्यंत खोल न्यायचं. अंडी सोडायला मादीला समुद्रच गाठावा लागतो; पिल्लांचं बालपण लाटांत तरंगण्यात जातं.

तसा तो साधाभोळा नाही. वेळास-आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली की हा वाटेत टपलेला असतो. किनाऱ्यावर येऊन पडलेले मेलेले मासेही तोच साफ करतो, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

मोठ्यांची बिळं वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला. लहानग्यांची खाली, भरतीच्या रेषेजवळ. आणि ओहोटीला नेमक्या त्याच घट्ट वाळूवरून हौशी मंडळी गाड्या पळवतात. किनारा कितपत धड आहे हे पाहायला जगभर अभ्यासक याच खेकड्यांची बिळं मोजतात. आपल्याकडे बिळांपेक्षा टायरचे पट्टे मोजणं सोपं. बरं, हौस एवढ्यावर भागत नाही. भरती येते, गाडी रुतते, मग ती ओढायला गावातून ट्रॅक्टर येतो, आणि चुकून वाचलेल्या बिळांवरून आता त्याची मोठी चाकं जातात.