दुब्रोव्हनिक, फेब्रुवारीतलं

जुलैत क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जाऊन आलेली मंडळी भेटली की गर्दीबद्दलच बोलतात. क्रूझचे जथे, तटबंदीवरची रांग, डोक्यावरचं ऊन, आइस्क्रीमचा भाव. आई आणि मी जानेवारीच्या अखेरीस गेलो आणि ३ फेब्रुवारीचा संत व्लाहोचा उत्सव पाहून निघालो. जायचं तर याच दिवसांत, असं माझं पक्कं मत झालं आहे. पण नुसतं स्वस्त पडतं म्हणून जाणार असाल तर थोडं थांबून विचार करा. हिवाळ्यात तिथला दिवस तुम्ही आखत नाही, वारा आखतो. हे ज्यांना चालेल त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आधी काय मिळणार नाही ते सांगते. समोरच्या लोक्रूम बेटाची बोट हिवाळ्यात बंद असते. स्रज डोंगरावर जाणारी केबल कार या काळात देखभालीसाठी बंद सापडू शकते, आणि चालू असली तरी जोराचा वारा सुटला की थांबवतात. तटाच्या आतली बरीचशी रेस्टॉरंट कुलूपबंद. संग्रहालयांच्या वेळा आखडतात आणि सुटीचा वार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक पाहून ठेवायचं. 'गेम ऑफ थ्रोन्स' या इथे चित्रित झालेल्या प्रसिद्ध इंग्रजी मालिकेच्या नावावर चालणारी दुकानंही बरीच मिटलेली असतात. हे मी तोट्याच्या बाजूला मांडणार नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतलं कुना या आधीच्या चलनाचं गणित विसरा. अर्ज करताना एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा, कारण पुढे येईल. भारतातून थेट विमान नाही. हिवाळ्यात युरोपातूनही दुब्रोव्हनिकला मोजकीच विमानं येतात, झाग्रेबमार्गे जाणं सगळ्यात भरवशाचं. स्प्लिटहून बसनेही येता येतं, चार-साडेचार तास लागतात. पूर्वी या रस्त्यावर बोस्नियाचा नेउमचा पट्टा ओलांडावा लागे, दोनदा पासपोर्ट दाखवून. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि ती कटकट टळली. तरी तिकीट काढताना बस पुलावरून जाते की जुन्या रस्त्याने, हे विचारून घ्या. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी तर नक्कीच.

विमानतळ गावापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. विमानाच्या वेळेला धरून बस सुटते. तटाजवळ उतरायचं तर ग्रूजच्या मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊ नका, अलीकडे उतरता येतं का ते चालकाला विचारा.

राहायचं कुठे? उन्हाळ्यात तटाच्या आत राहणं खिशाला आणि कानांना दोन्हीला महाग. हिवाळ्यात मात्र आतच राहावं. भाडी उतरलेली असतात, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर गाव फक्त तिथल्या लोकांचं उरतं. ते लोकही आता थोडेच आहेत. १९९१ साली तटाच्या आत पाचेक हजार माणसं राहत होती, आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाहीत. बाकीची घरं पर्यटकांना भाड्याने जातात, म्हणजे आम्हीही त्याच कारणाचा भाग होतो. हे तिथल्या बाकड्यावर बसून जाणवतं आणि जाणवावंही.

घर निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, गरम करायची सोय. पारा फार उतरत नाही, दिवसा दहा-बारा अंश असतात, पण जुनी दगडी घरं आतून गार पडतात. एसी उलटा फिरवून खोली गरम होते, न्हाणीघर होत नाही. दुसरी गोष्ट, पायऱ्या. स्त्रादुन हा गावाचा मधला सपाट रस्ता. त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या प्रियेकोच्या दिशेने सरळ जिन्यासारख्या चढतात. सत्तरीतल्या आईसाठी आम्ही दक्षिणेकडचं, बाजाराजवळचं घर घेतलं. तिकडेही पुढे चढ आहे, पण सुरुवातीचा भाग सपाट आहे. सामान हातात उचलता येईल एवढंच न्या.

आता वारा. तिथे हिवाळ्यात दोन वारे आलटून पालटून येतात. बुरा हा ईशान्येचा, डोंगरावरून खाली कोसळणारा, कोरडा आणि गार. तो सुटला की आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. युगो आग्नेयेचा, दमट, ढग आणि पाऊस घेऊन येणारा. तो आला की समुद्र तटाच्या पायथ्यावर आपटू लागतो आणि सगळ्यांचं डोकं दुखतं. दुब्रोव्हनिक स्वतंत्र प्रजासत्ताक होतं त्या काळी युगोच्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथे अजून सांगतात. आमच्या घरमालकीणबाई पहाटे खिडकी उघडून नुसता वास घेत आणि आईला सांगत, आज तटावर नको, आज देवळं बघा. हवामानाच्या अ‍ॅपपेक्षा त्या बऱ्या निघाल्या.

तेव्हा नियम साधा: बुरा ओसरल्यानंतरचा पहिला निवांत दिवस तटबंदीसाठी राखा. तट सुमारे १९४० मीटर लांब आहे, काही ठिकाणी २५ मीटर उंच. मार्च ते ऑक्टोबर तिकीट ४० युरो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १५ युरो. दर बदलत असतात, निघण्याआधी पाहून घ्या. उन्हाळ्यात एक दिवसाचा शहर-पास जवळपास तटाच्याच किमतीत पडतो, म्हणून सगळे तो घेतात. हिवाळ्यात तसं नाही, किती संग्रहालयं खरंच बघणार ते मोजून ठरवा. हिवाळ्यात तट दुपारी लवकर बंद होतो, म्हणून सकाळीच चढा. चालायची दिशा एकच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. दीड-दोन तास धरा. आईने पायऱ्यांच्या प्रत्येक टप्प्यावर बसून घेतलं, मागून कोणी ढकलणारं नव्हतं. जुलैत हे जमलं नसतं.

वरून कौलं बघा. सगळीकडे तांबडी दिसतात, पण नीट पाहिलं तर दोन रंग आहेत: काही फिकट, मातकट, काही अजून भडक. भडक ती बहुतेक १९९१-९२ च्या युगोस्लाव्ह सैन्याच्या वेढ्यानंतर घातलेली. ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सगळ्यात भयंकर होता. सगळ्या वेढ्यात मिळून जुन्या गावातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ ना मार बसला, आणि तेही १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या गावात. मिन्चेता बुरुजावरून हे गणित डोळ्यांना दिसतं. पिले दरवाज्यातून आत शिरताना कुठे काय पडलं याचा नकाशा लावलेला आहे, तो वर जाण्याआधी वाचा.

युगोचे दिवस वाया जात नाहीत. फ्रान्सिस्कन मठात १३१७ पासूनचं औषधालय आहे. जुन्या बरण्या आणि खल संग्रहालयात, आणि शेजारी आजही चालणारं दुकान, जिथे मलमं मिळतात. आईने तिथे घालवलेला वेळ मी मोजला नाही. रेक्टरच्या वाड्यात आणखी रमलो. या प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, फक्त महिनाभरासाठी निवडला जाई, आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय त्याने वाडा सोडायचा नाही. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा. ही व्यवस्था कित्येक शतकं टिकली, १८०८ साली नेपोलियनच्या मार्मों या सेनापतीने गुंडाळली. स्पोन्झा हा जुना जकातीचा वाडा १६६७ च्या भूकंपातूनही उभा राहिला. त्याच्या अंगणात तराजूच्या जागी कोरलेल्या ओळीचा अर्थ असा: आमची वजनं फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. तिथेच वेढ्यात मेलेल्यांच्या फोटोंची खोली आहे. बहुतेक पोरं विशीतली.

स्त्रादुनवरच्या घरांचे चेहरे एकसारखे का, हेही त्या भूकंपामुळेच. पुन्हा बांधताना एकच नमुना ठरला: खाली दुकान, वर घर. दुकानाचं दार आणि खिडकी एकाच कमानीत, खिडकीचा खालचा कठडा म्हणजेच विक्रीचा ओटा. दुकानं बंद असताना ही रचना नीट दिसते.

खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी ब्लित्वा हा शब्द पाठ करावा. म्हणजे चार्ड ही बीटच्या कुळातली पालेभाजी, बटाट्याबरोबर लसूण आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेली. खरं तर ती माशांबरोबर येते, पण वेगळी मागितली तर देतात. पावाबरोबर पोट भरतं. झेलेना मेनेश्त्रा नावावरून हिरवी भाजी वाटते, पण तिच्यात खारवून धुरी दिलेलं मांस असतं, विचारल्याशिवाय मागवू नका. गुंदुलिच चौकात सकाळचा बाजार भरतो. हिवाळ्यात संत्री, भाज्या, आणि पाकवलेल्या संत्र्याच्या साली आणि साखरेत घोळलेले बदाम घेऊन दोन-चार आज्या बसलेल्या असतात. साली घ्याच. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं तर या बाजारावर निम्मा प्रवास निघतो. सुपरमार्केट ग्रूजकडे मोठी आहेत. शेवटी रोझाता, म्हणजे तिथलं कॅरॅमल कस्टर्ड, एकदा खाऊन बघा. मला फार गोड लागलं, आईने माझंही संपवलं.

आणि आता ज्यासाठी गेलो ते. संत व्लाहो हा गावाचा राखणदार. परंपरा सांगते की ९७२ साली व्हेनिसची जहाजं पाणी भरायच्या निमित्ताने नांगर टाकून बसली होती, तेव्हा त्याने एका पाद्र्याला दर्शन देऊन हल्ल्याचा बेत सांगितला. तेव्हापासून ३ फेब्रुवारीचा उत्सव चालू आहे. २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. व्लाहोचा पुतळा गावात पावलोपावली आहे, हातात गावाची छोटी प्रतिकृती धरलेला. त्याच्या चर्चमधल्या चांदीच्या मूर्तीच्या हातातलं गाव भूकंपाच्या आधीचं आहे, म्हणजे जे पडलं ते तिथे बघता येतं.

उत्सव २ तारखेला, कांदेलोरा या ख्रिस्ती सणाला सुरू होतो. चर्चसमोर पांढरी कबुतरं सोडतात, झेंडा चढवतात. तिथली म्हण अशी की कांदेलोरा आली, थंडी गेली; पाठोपाठ व्लाहो येतो आणि म्हणतो, खोटं आहे. आमच्या वेळी व्लाहोच खरा ठरला, बुरा जोरात होता. ३ तारखेला सकाळपासून आसपासच्या गावांचे लोक आपापला झेंडा घेऊन पारंपरिक पोशाखात येतात. वारीत गावोगावच्या दिंड्या आपली पताका घेऊन येऊन मिळतात तसंच, प्रत्येक गावाला आपल्या क्रमाचा आणि झेंड्याचा अभिमान. चर्चसमोर झेंडा फिरवून, झुकवून सलामी देतात. जुन्या रुंद तोंडाच्या बंदुकांचे बार निघतात, लहान मूल बरोबर असेल तर आधीच कान झाका. मोठ्या प्रार्थनेनंतर संताच्या अवशेषांच्या सोन्याचांदीच्या पेट्या मिरवत स्त्रादुनवरून नेतात.

व्लाहो घशाच्या आजारांचा संत. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात आणि पाद्री आशीर्वाद देतो. आईने रांगेत उभं राहून तो घेतला. "आपल्याला चालतं का गं?" असं रांगेतच मला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

गोव्याच्या वाचकांना ही तारीख ओळखीची वाटली असेल. कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझचं, म्हणजे याच संताचं चर्च आहे. सोळाव्या शतकात रागुसाच्या, म्हणजे दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी ते बांधलं असं सांगतात.

उत्सवासाठी दोन सूचना. ३ तारखेला गावात सुट्टी असते, दूध-पाव आदल्या दिवशी आणून ठेवा. जागा धरायची तर व्लाहोच्या चर्चसमोर, घंटाघराच्या बाजूला. जेवायला त्या दिवशी श्पोर्की माकारुली, म्हणजे मांसाच्या रश्शातल्या मॅकरोनी, सगळीकडे असतात. शाकाहाऱ्यांनी घरी खिचडी लावलेली बरी.

आसपास फिरायचं तर लोपुदची बोट ग्रूज बंदरातून हिवाळ्यातही सुटते, कारण बेटावर माणसं राहतात. गाड्या नसलेलं बेट आहे. परतीची वेळ आधी पाहा, डबा न्या, आणि युगोच्या दिवशी जाऊ नका. स्तोनला बसने जाता येतं. तिथे साडेपाच किलोमीटरची तटबंदी आणि मिठागरं आहेत, शेजारी माली स्तोनला कालवं. मार्चच्या मध्याकडे कालवं सगळ्यात भरलेली असतात असं तिथले लोक म्हणतात, फेब्रुवारीतलीही वाईट नसतात.

माँटेनेग्रोतलं कोतोर एका दिवसात होतं. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही, पण वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना थोड्या दिवसांसाठी येऊ देतात. खरा प्रश्न परतताना येतो: कोतोरला जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर संध्याकाळी दुब्रोव्हनिकला परत येता येणार नाही. बोस्नियातल्या मोस्तारलाही हेच लागू. सहल विकणारे हे आपणहून सांगतीलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी व्हिसावरच्या प्रवेशांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.