धूळवाफ पेरणीचे हुकणारे दिवस

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भाताची पेरणी पूर्वापार धूळवाफेवर होत आली आहे. वळिवाच्या सरी पडून गेल्यावर रान भुसभुशीत करायचे, रोहिणीच्या सुमारास कुरीने (पाभरीने) कोरड्या मातीत बी पेरायचे आणि मृगाच्या पावसावर ते उगवू द्यायचे, अशी ही पद्धत असून रोप लावणीच्या मानाने तिला मजूर आणि खर्च दोन्ही कमी लागतात. मात्र मेअखेरचे काही कोरडे दिवस तिला हवेतच, आणि नेमके तेच आता बेभरवशाचे झाले आहेत.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस १ जूनऐवजी २४ मे रोजीच केरळात पोहोचला, आणि वळीव कुठे संपला व मोसमी पाऊस कुठे सुरू झाला, हे आमच्याकडे कळलेच नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगा बेताचा ओलावा, नसेल तर कुरी चालत नाही; मग रोपे वाढवून चिखलात लावण करण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि बायकांच्या मजुरीचा खर्च अंगावर येतो. २०२३ मध्ये याच्या अगदी उलट झाले होते. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले.

बेळगावलगतच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारांत भातानंतर जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा घेतला जातो. भात लांबले की ही ओल उडून जाते, म्हणजे एका चुकलेल्या पेरणीने दोन पिके हातची जातात.

नुकसानभरपाईच्या निकषांत हा तोटा कुठेच बसत नाही. आपत्ती निवारण निधीतून कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ३,४०० रुपये, मिळतात. तेही ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीक गेले असेल तरच आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेत. पंचनामा उभ्या पिकाचा होतो. जे मसूर पेरताच आले नाही, त्याचा पंचनामा कोण करणार? शिवाय रक्कम उताऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याच्या खात्यात जमा होते. वाट्याने शेत कसणाऱ्याने बी, खत आणि दुबार पेरणीचा खर्च केलेला असला, तरी मालकाने मनावर घेतले तरच त्याच्या हाती काही पडते.