ब्लॉकवर कमावलेला वेग पाण्यात सांडतो कुठे?

शर्यतीत स्विमर सगळ्यात वेगात असतो तो ब्लॉक, म्हणजे उडी घ्यायचा काठावरचा उंच चौथरा, सोडून पाण्यात शिरताना. उत्तम स्प्रिंटर पृष्ठभागावर सेकंदाला दोन मीटरच्या आसपास पोहतो; ब्लॉकवरून सुटताना त्याचा वेग चार मीटरच्या वर असतो. म्हणजे स्टार्टचं काम दोनच गोष्टींचं: हा वेग कमवायचा आणि तो सांडू द्यायचा नाही. सराव मात्र बहुतेक ठिकाणी बझर ऐकताच हलण्याचा, म्हणजे रिअ‍ॅक्शनचाच चालतो. रिअ‍ॅक्शन सुधारून शतांश सेकंद मिळतात, वाकड्या अंगाने पाण्यात शिरलं की दशांश जातात. म्हणून मोजायचंच असेल तर डोकं 15 मीटरवर पोहोचेपर्यंतचा वेळ मोजा.

आधी ब्लॉक. त्यावरची मागची तिरकी किक प्लेट, म्हणजे मागचा पाय टेकवायची फळी, पुढे-मागे सरकते. 'टेक युअर मार्क' (बझरआधीची तयार व्हायची सूचना) म्हटल्यावरच्या स्थितीत मागचा गुडघा साधारण काटकोनात येईल अशी ती लावा. प्लेट फार जवळ आली तर गुडघा घट्ट दुमडतो आणि ढकलायला जोर उरत नाही. फार लांब गेली तर पाय आधीच जवळजवळ सरळ असतो, मग ढकलणार कशाने? प्लेट खाचेत नीट बसली का, हे हाताने हलवून बघा. आपला खाचेचा नंबर पाठ असावा, कारण हीटच्या (प्राथमिक फेरीच्या) आधी शोधाशोधीला वेळ मिळत नाही. कुठला पाय पुढे ठेवायचा हे सवयीवर सोडू नका. दोन्ही बाजूंनी चार-चार स्टार्ट करून 15 मीटरचे वेळ ताडून पाहा.

पुढच्या पायाची बोटं ब्लॉकच्या कडेवर वळवलेली, मागच्या पायाचा चवडा प्लेटवर, टाच किंचित उचललेली. कंबर उंच, मान सैल, नजर खाली. बझर वाजला की पहिली हालचाल हातांची. कड धरून अंग पुढे ओढायचं, लगेच मागच्या पायाने ढकलायचं आणि शेवटचा जोर पुढच्या पायाचा. बझरला आधी डोकं उचललं गेलं, तर सगळा जोर वर जातो. उडी उंच दिसते, बघणाऱ्यांना आवडते, पण छाती पाण्यावर आपटते आणि गॉगल निसटतो. हात गोल फिरवू नका, सरळ पुढे न्या.

पाण्यात शिरताना हाताची बोटं जिथे शिरली त्याच भोकातून डोकं, कंबर आणि पाय गेले पाहिजेत. एका हातावर दुसरा हात, दंड कानांमागे, पोट आत, पाय जुळलेले. पाय मागे स्वतंत्रपणे आपटले, तर बहुधा कंबरेत वाकणं उशिरा झालेलं असतं. उलट फार उभं शिरलं तर खूप खोल जायला होतं आणि वर येण्यातच वेग संपतो. हा सराव खोल पाण्यातच करा, दोन मीटर किंवा जास्त. उथळ टोकाला डोकं तळावर आदळून मानेला कायमची इजा होऊ शकते. यात कुणाचीही भीड ठेवू नका.

सगळ्यात जास्त वेग सांडतो तो यापुढे. शिरल्या शिरल्या डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून लाटेसारखी मारलेली किक) सुरू केली, तर ती ब्रेकचंच काम करते, कारण त्या क्षणी अंग किकच्या वेगापेक्षा कितीतरी पुढे असतं. आधी स्ट्रीमलाइन, म्हणजे हात पुढे ताणून अंग बाणासारखं सरळ, धरून सरकू द्या. चांगल्या स्विमरसाठी किकची वेळ भिंतीपासून साडेपाच-सहा मीटरच्या आसपास येते. नवख्याचा वेग कमी, त्यामुळे त्याची त्याआधीच. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायमध्ये 15 मीटरपर्यंत डोकं बाहेर यावंच लागतं, पण तिथवर खाली राहायलाच हवं असं नाही. किक कमजोर असेल तर 9-10 मीटरवर वर या. वर आल्यावर पहिल्या स्ट्रोकला श्वास नको.

स्टार्टचा सराव वॉर्म-अपनंतर लगेच ठेवा. सत्राच्या शेवटी थकलेल्या पायांनी केलेले वीस स्टार्ट चुकीचीच सवय लावतात. सहा ते आठ पुरेत, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती. मोबाइल बाजूने, पाण्याच्या पातळीला धरून शूट करा आणि व्हिडिओ थांबवून तीनच गोष्टी बघा: बझरनंतर आधी काय हललं, पाय कुठल्या भोकातून गेले, आणि पहिली किक कुठे बसली.