दुखते माह्या गुडघ्यात, विचारते पोराले!

आज बाबांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत, दुपारी एकला डॉक्टरसमोर. मधले पाच तास बाकावर.

शेजारी भंडाऱ्याकडचे एक आजोबा. पहाटेच्या एसटीने आलेले, डब्यात भाकर-चटणी. मला वाटलं, आता गर्दीच्या नावाने सुरू होतील. नाही. "डॉक्टर चांगले हायेत जी, औषध लागू पडते. पण माह्याशी बोलतच नाही. दुखते माह्या गुडघ्यात, विचारते पोराले!"

एक आजी बालाघाटहून आलेल्या. त्यांची तक्रार वेगळीच: संडास दूर, आणि जावं तर नंबर जातो. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. मेच्या उन्हात, नागपुरात!

७० आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेचं वयवंदना कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आजोबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. पण ते चालतं भरती झाल्यावर. ओपीडीच्या रांगेत त्याचा काय उपयोग?

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" आणि उत्तर मी दिलं. बाबा शेजारीच बसलेले. बाहेर आल्यावर लक्षात आलं. लाज वाटली, खरं सांगतो.

येताना बाबांना तर्री-पोहे हवे होते. म्हटलं, बीपी आहे ना, तिखट-मीठ कमी सांगितलंय.

"मले कुठं सांगितलं? तुले सांगितलं," म्हणाले, आणि तर्री वाढवून मागितली.