डिस्प्लेपोर्टचा अडॅप्टर एकाच दिशेने का चालतो?

लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट टीव्हीच्या एचडीएमआयला जोडणारा साधा, स्वस्त अडॅप्टर बहुधा विनातक्रार चालतो. मात्र तशाच साध्या अडॅप्टरने एचडीएमआय असलेला संगणक डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला जोडू पाहिला, तर पडदा काळाच राहतो. याचे कारण प्लगच्या आकारात नसून संकेताच्या रचनेत आहे. १९९९ साली आलेल्या डीव्हीआय या मॉनिटर-जोडणीची टीएमडीएस ही, चित्राची माहिती सलग प्रवाहात पाठवण्याची पद्धत एचडीएमआयने २००२ मध्ये उचलली आणि त्याच केबलमधून आवाजही पाठवला. २००६ मध्ये व्हेसा या पडद्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने आणलेला डिस्प्लेपोर्ट चित्राची माहिती लहान लहान पॅकेटांमधून पाठवतो. ज्या डिस्प्लेपोर्टच्या खुणेशेजारी दोन अधिक चिन्हे असतात, तो गरजेप्रमाणे टीएमडीएसही देऊ शकतो, त्यामुळे साध्या अडॅप्टरला केवळ व्होल्टेजची पातळी जुळवावी लागते. एचडीएमआयला मात्र पॅकेटांची ही रीत ठाऊकच नाही. तेथे चिप असलेला, बहुतेक वेळा यूएसबीमधून वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो, आणि खोक्यावर ही दिशा फार बारीक अक्षरांत छापलेली असते, हे मला मुळीच पटत नाही.

जाता जाता: ४के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर जोडणी ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर, आहे का ते आधी तपासावे. ४के चित्रासाठी एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीची धाव तेवढीच आहे. ६० हर्ट्झसाठी २.० हवे.