खिंडीच्या दिवसाचं गणित उलटीकडून मांडा

उंच पर्वतातली खिंड एका दिवसात ओलांडायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष चढावर असतं. घोळ मात्र बहुतेक वेळा पलीकडच्या उतारावर होतो, आणि त्याचं मूळ उशिरा निघण्यात असतं. म्हणून वेळापत्रक मांडायचं ते पलीकडच्या पायथ्यापासून. तिथे बर्फाच्या पाण्याचा ओढा आहे का? उतारावर ऊन कधी येतं? ढग कधी भरून येतात? ही उत्तरं हातात आली की मागे मागे येत निघायची वेळ काढायची.

चालायला लागणाऱ्या वेळेचा ढोबळ हिशोब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिला होता: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास होतात. पण ४,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्केच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. त्यात पाठीवर सॅक आणि पायाखाली बर्फ. तेव्हा चाराचे सहा धरा, गट मोठा असेल तर आठ. दुपारी एकच्या आत ओढा पार करायचा असेल तर पहाटे पाचला चालायला लागायचं. पाचला उठायचं नाही, चालायला लागायचं. पाण्याच्या बाटल्या आणि सॅक रात्रीच भरून ठेवा. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. नळीची पिशवी वापरत असाल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला, नाहीतर पहिल्या तासातच नळी गोठते.

पहाटे मोठ्या धोंड्यांमधून जाताना हेडटॉर्चच्या उजेडात जो दगड ओला, काळा, चकचकीत दिसतो त्यावर पाय देऊ नका. ते पाणी नसतं, काचेसारखा पातळ बर्फ असतो. खडबडीत, फिकट, कोरड्या दगडावरच पाय टाका.

आता बर्फाचा उतार. इथे घाई नको, कारण सगळ्या दिवसाचा धोका इथेच साठलेला असतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ उष्णता बाहेर टाकून कडक होतो, पहाटे त्यावर चांगली पकड मिळते. रात्रभर ढग असतील तर तो नीट गोठतच नाही. अशा सकाळी पाचला निघूनही पाय गुडघ्यापर्यंत रुततात, हे आधीच ओळखून जास्त वेळ धरायला हवा. चढताना बुटाचं टोक दोन-तीनदा मारून पायरी करा. पायरी किंचित आत, डोंगराकडे कललेली हवी. पुढच्याने पायऱ्या मागच्यांतल्या सर्वांत लहान ढांगेच्या मापाने पाडाव्यात, नाहीतर मागचे स्वतःच्या पायऱ्या पाडत बसतात आणि दमतात. आडवं जाताना बर्फकुऱ्हाड नेहमी डोंगराकडच्या हातात. उन्हात डोकं वर काढलेल्या मोठ्या धोंड्याला खेटून चालू नका. दगड तापून भोवतीचा बर्फ आतून वितळलेला असतो आणि कंबरेपर्यंत पाय जातो.

खूप लवकर पोहोचण्यातही एक गोम आहे. पूर्वेकडच्या बाजूने चढून पश्चिमेकडे उतरायचं असेल तर चढावर ऊन लवकर येतं, पण पलीकडचा उतार अजून दगडासारखा असतो. त्यावर टाच रुतत नाही आणि घसरलं की थांबणं कठीण. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ झालेले असले की उतरायला सर्वांत छान: टाच सरळ खाली मारायची, गुडघा किंचित वाकलेला, अंग पुढे. भीतीने मागे कललात की पाय निसटलाच म्हणून समजा. घसाऱ्यावरही, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, हेच तंत्र चालतं, फक्त एकामागे एक सरळ रेषेत उतरू नका, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

माथ्यावर पंधरा मिनिटं पुरेत. जाकीट थांबायच्या आधी चढवा, थांबल्यावर नाही. घामाने ओलं अंग वाऱ्यात पाच मिनिटांत गार पडतं. काळा चष्मा ढग असले तरी डोळ्यांवरच राहू दे. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून मलम हनुवटीखाली आणि नाकाखालीही लावा. वीज चमकली तर सेकंद मोजा: तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला तर तडक खाली.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळतंय, तर वर जाणं थांबवायचं. कुणी सरळ रेषेत चालू शकत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याला लगेच खाली न्यायचं, सोबत कुणीतरी हवंच. खिंड जवळ आहे म्हणून ‘पलीकडे उतरवू’ हा विचार करू नका. आधी आणखी चढावं लागतं.

आणि शेवटी तो ओढा. पहाटे तो सर्वांत कमी असतो, दुपारनंतर वितळलेलं पाणी उतरून फुगतो. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथे पाणी खोल आणि जोरकस असतं. जिथे पात्र रुंद होऊन फाटे फुटतात तिथे उतरा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला, आणि एका वेळी एकच आधार हलवा. बूट काढून अनवाणी जाऊ नका. थंडीने तळवे बधिर झाले की पायाखालचा गोटा कळत नाही. पाण्याखाली धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर जाऊन ओढत असेल, तर अलीकडेच उंचवट्यावर तंबू लावा आणि उजाडताच पार करा.