ज्यांना लोक टॅग करतात

द्राक्षाच्या फळछाटणीवर पाऊस लागला की तासगाव, मिरज, पलूस, सांगलीच्या कुठल्याही कट्ट्यावर एकच विषय असतो: डावण्या, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. माझं काम सोशल मीडिया मॉनिटरिंगचं. अशाच एका ऑक्टोबरात एका बुरशीनाशक कंपनीला बागायतदार ज्यांचं ऐकतात अशी माणसं हवी होती. मी पोस्ट शोधणाऱ्या टूलमध्ये डाऊनी, डावनी, डावण्या, केवडा अशी या रोगाची सगळी नावं भरली.

यादी आली ती फॉलोअर्सच्या क्रमाने. वरच्या नंबरांवर ट्रॅक्टर आणि बैलगाडा शर्यतींचे रीलवाले. कंपनीला तीच पसंत पडली. मला काही पटेना. शर्यतीचं रील आवडीनं बघणारा माणूस औषध मारताना त्या रीलवाल्याचा सल्ला घेत नाही. बागेत एका चुकीच्या फवारणीनं वर्षाचं पीक जातं; तिथं माणूस फार विचार करून विश्वास टाकतो.

म्हणून त्या दिवशी फॉलोअर्सचा रकाना बाजूला ठेवला आणि नुसत्या कमेंट वाचत बसले. अडचण विचारताना लोक कुणाला टॅग करतात, एवढंच बघायचं होतं. दुपारपर्यंत वेगवेगळ्या चॅनेलखाली तेच नाव पुन्हापुन्हा दिसू लागलं. तासगाव तालुक्यातले एक बागायतदार. फॉलोअर्स इतके कमी, की टूलच्या किमान मर्यादेनेच त्यांना गाळलेलं.

त्यांची उत्तरं वाचत गेले. कुणी डाग पडलेल्या पानाचा फोटो टाकला, की आधी म्हणायचे, "पान उलटं करून फोटो टाका." वरून तेलकट पिवळा डाग दिसतो; पांढरी बुरशी धरते ती पानाच्या खालच्या बाजूला. मग विचारायचे, छाटणी कधीची, पान किती वेळ ओलं राहिलं, बागेत हवा खेळते का. औषधाचं नाव सगळ्यात शेवटी, कधी कधी नाहीच. या उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरतात, हेही कमेंटवरूनच कळलं. तिथल्या गप्पांत कुठलंच टूल डोकावू शकत नाही.

इनबॉक्समध्ये मेसेज टाकला. रात्री त्यांचाच फोन आला.

"ताई, पैसं घेऊन मी कुठल्या औषधाचं कौतुक करणार न्हाई. औषध द्या. चार ओळी तुमचं मारतो, शेजारच्या चार ओळी माझं नेहमीचं. जे दिसंल ते सांगतो."

मी म्हटलं, "काका, औषध फुकट मिळालं तरी तसं व्हिडिओत सांगावं लागेल." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत फुकट मिळालेली वस्तूही धरलेली आहे.

"मग त्यात लपवायचं काय? पहिल्याच वाक्यात सांगतो."

तसंच सांगितलं. ओळींमध्ये उभं राहून दोन्हीकडची पानं उलटी करून दाखवली आणि म्हणाले, पानावर या औषधाचं काम चांगलं आहे, घडावर मात्र मला फरक दिसला नाही. कंपनीतून फोन आला, शेवटचं वाक्य कापा. मी ठाम नकार दिला. या माणसाचं वजनच त्या वाक्यात होतं. ते कापलं तर लोकांना वास आलाच असता. बरीच ओढाताण झाली, पण वाक्य राहिलं.

व्हिडिओखाली पहिलाच प्रश्न आला, पाऊस उघडल्यावर किती तासांनी मारलं? पाठोपाठ दुसऱ्यानं आपल्या बागेतल्या पानाचा फोटो टाकला. उलट्या बाजूचा.